चाचींच्या माहेराचा सर्व्हे

शुक्रवारी सकाळी शेजारी कलिंगड घेऊन दारात उभा राहिला, की कामाचा अंदाज कलिंगडाच्या वजनावरून घ्यावा. शरीफचाचांनी आणलेलं कलिंगड मला दोन हातांनीही उचलेना.

"अतुलभाऊ," सोफ्याच्या अगदी कडेला बसत ते म्हणाले, "एका डब्याची किंमत काढून द्यायची हाय."

"डब्याचं खातं माधवीकडे आहे," मी बायकोकडे बोट दाखवलं.

"त्यो डबा नाय. चाकांचा डबा. मागल्या अंगणातला."

मी मोटार विम्याच्या कंपनीत सर्व्हेअर आहे. ठोकलेल्या गाड्या बघायच्या, नुकसान मांडायचं आणि मालकाचं तोंड पडेल असा आकडा लिहायचा, हा माझा धंदा. त्यामुळे ज्याला ज्याला चाकं आहेत ते सगळं माझ्या अखत्यारीत येतं, अशी मस्कतच्या अझैब्यातल्या आमच्या इमारतीची पक्की समजूत आहे. बाबागाडी, चाकांची बॅग, एकदा तर ऑफिसची खुर्ची, सगळ्यांवर माझा अभिप्राय घेतलेला आहे. फुकट. जयंतीच्या कार्यक्रमाचा हिशेबही माझ्याकडेच असतो, कारण मी कधी हसत नाही आणि त्यामुळे लोकांना मी प्रामाणिक वाटतो.

"ह्यांना विचारताय?" माधवी सुरी घेऊन आली. कलिंगडासाठी. "ह्यांनी नाशिकची आमची स्कूटर विकली, तेव्हा घेणाऱ्यानं पेढे वाटले होते."

चाचा हसले नाहीत. मला म्हणाले, "कितीबी येऊ देत. फक्त भंगारात नाय जायला पायजे. एवढं बगा."

आमच्या इमारतीमागे एक जुना व्हिला आहे. त्याच्या आउटहाउसमध्ये चाचा राहत. व्हिला आता पडणार होता, अंगण महिनाअखेर मोकळं करून हवं होतं, आणि चाचांच्या मुलीनं, उमामानं, रत्नागिरीचं तिकीट पाठवलं होतं. चाचांचं सामान म्हणजे दोन बॅगा. उरला तो डबा. कडुनिंबाखाली उभी असलेली पंचेचाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची विलायती कॅरव्हॅन. गाडीच्या मागे जोडून न्यायची, आत झोपायची, सुटी घालवायची. कुठल्याशा तेल कंपनीतला गोरा साहेब ती अर्बाबला, म्हणजे व्हिलाच्या मालकाला देऊन गेला, अर्बाबनं ड्रायव्हरला, म्हणजे चाचांना दिली. गोल पाठीची, साय धरलेल्या दुधाच्या रंगाची, पोटावर तपकिरी पट्टा. लांबून बघितलं तर कुणीतरी पावाची लादी विसरून गेल्यासारखी दिसायची.

मी रात्री इंटरनेटवर अभ्यास केला आणि सकाळी तज्ज्ञ होऊन खाली उतरलो. जुनी कॅरव्हॅन घेताना सगळ्यात आधी ओल बघतात. बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा आणि आत लाकडाची चौकट असते. पत्रा शहाण्यासारखा चमकत राहतो आणि आतलं लाकूड गुपचूप कुजतं. (माणसांच्या बाबतीतही ही तपासणी असती तर बरीच लग्नं वाचली असती.) मी बोटाच्या पेरानं भिंती वाजवत निघालो. टणटण आवाज आला की ठीक, भद्द आला की ओल. ज्या देशात वर्षाकाठी पाऊस बोटावर मोजावा, तिथं या कॅरव्हॅनला ओल लागली होती, कारण व्हिलाच्या एसीचं पाणी थेंबथेंब तिच्या टपावर पडत आलं होतं. खिडक्यांची रबरं उन्हानं आमसुलासारखी वाळलेली. टायर इतके जुने, की त्यांच्यातली हवाही बहुधा गोऱ्या साहेबाच्या वेळची असावी.

"चला चाचा, आत बघू."

दाराला पायरी म्हणून एक लाकडी खोका उलटा ठेवला होता. चाचा चपला काढून त्या खोक्यावर बसले.

"तुमी जावा. मी हितंच बरा."

"अहो, तुमचीच गाडी आहे."

"माझी नाय ती. तिचं माहेर हाय. बोलावल्याशिवाय कसा जाणार?"

मला वाटलं, उन्हाचा परिणाम. पण मग त्यांनी जे सांगितलं, ते माझ्या पॅडवर कुठल्याच रकान्यात बसणारं नव्हतं.

खैरुन्निसाचाचींचं खरं माहेर दाभोळच्या खाडीकाठी. आईबाप गेले, भावांनी घर विकलं, तेव्हा चाची इथं ओमानात. चार दिवस रडल्या आणि पाचव्या दिवशी जाहीर केलं की आजपासून माझं माहेर मागल्या अंगणात. तेव्हापासून नवऱ्याशी वाजलं, की पिशवीत स्टोव्ह, सुकट आणि चहापत्ती घालून चाची पंधरा पावलं चालून माहेरी जायच्या. सुकट अशासाठी, की आउटहाउसमध्ये ती भाजली तर व्हिलातली माणसं नाकं दाबून खिडक्या लावून घेत. माहेरी कुणाची भीती? संध्याकाळी चाचा आणायला जायचे. दारावर टकटक, सलाम, आणि मग या खोक्यावर बसून राहायचं. राग उतरला की आतून आवाज यायचा, "या जावय, आत या."

"घरात नवरा म्हणून पाण्याला विचारत नव्हती," चाचा म्हणाले, "हितं जावय म्हणून पहिली भाकरी माझी. म्हणून गुरवारी मी मुद्दाम भांडायचो."

"मग आता..."

"शेवटच्या टायमाला मी टकटक केली. आतून म्हणाली, थांबा, अजून राग गेला नाय, गेला की बोलवते. थोड्या वेळानं दाराला धरून तीच भायेर आली. चक्कर येते म्हणाली. मग ॲम्ब्युलन्स, मग हॉस्पिटल." त्यांनी खोक्यावरची धूळ तळहातानं पुसली. "बोलवायचं ऱ्हायलं."

अशा वेळी माणसानं काय बोलावं हे सर्व्हेअरच्या प्रशिक्षणात नसतं. मी घाईघाईनं आत शिरलो, आणि जमिनीचा कठीणपणा तपासण्यासाठी पुस्तकी पद्धतीनं टाच दाबली. जमीन म्हणाली, बरं. माझा उजवा पाय गुडघ्यापर्यंत खाली गेला. बाहेरून बघणाऱ्याला कॅरव्हॅनला एक तिसरं, पँट घातलेलं चाक फुटलेलं दिसलं असेल. वरच्या मजल्यावरून रशीदाभाभींनी ते पाहिलंच.

"अय्यो, अतुलभाई! माधवी, तुझा नवरा गाडीतून लोंबतोय!"

पाय सोडवेपर्यंत मी त्या घरात कंबरेतून वाकून उभा होतो, त्यामुळे तपासणी अगदी जवळून झाली. दोन बाकं, एक हातभर ओटा, पायानं दाबून पाणी काढायचा पंप, चाचींच्या जुन्या साडीचे पडदे. आणि वास. भाजलेली सुकट, रॉकेल, धने आणि थोडं अत्तर, इतका मुरलेला वास की तोच भिंतींना धरून उभा असावा. संध्याकाळी मी रिपोर्ट लिहिला. मजला: कुजका. छप्पर: ओल. टायर: निकामी. वास: मासळीचा, घालवता येण्याजोगा.

व्यवसायानं मला असं लिहायला शिकवलं होतं.

मग कागद. इथं गाडीच्या मालकीच्या कागदाला मुल्किया म्हणतात. चाचांकडची मुल्किया ज्या कंपनीच्या नावावर होती, ती कंपनी केव्हाच देश सोडून गेली होती. मी एका खिडकीवर गेलो. इंजिन नंबर? इंजिन नाही. मग ही गाडी नाही. दुसऱ्या खिडकीवर पाठवलं. चाकं आहेत? आहेत. मग हे बांधकाम नाही. दोन्ही खिडक्यांवरची माणसं अत्यंत सभ्य होती, एकीनं तर मला खजूर दिला. गाडी नाही, घर नाही, तोंडात खजूर, अशा अवस्थेत मी बाकावर बसलो.

"घर हाय की," चाचा शेजारून म्हणाले. "त्यांना सांगा ना."

शेवटी एका कारकुनानं तोड काढली. ट्रकवर चढवून न्या, म्हणजे ते सामान झालं. सामानाला फक्त सर्व्हेअरचा किमतीचा रिपोर्ट लागतो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या रिपोर्टवाचून कुणाचं तरी अडलं, याचा मला इतका आनंद झाला की फाटलेल्या पँटचं दुःख तिथल्या तिथं निर्लेखित केलं.

सल्लागारांना आमंत्रण लागत नाही. बौशरमध्ये रंगाचं दुकान असलेला महाडचा इक्बाल म्हणाला, रंग काढा, किंमत दुप्पट. त्याच्याकडे पिस्ता रंगाचे डबे गेल्या ईदपासून पडून होते हा निव्वळ योगायोग. रशीदाभाभी म्हणाल्या, घाण वस्तूला गिऱ्हाईक नाही. माधवीनं फोटो काढून जाहिरात टाकली आणि त्याच दिवशी सूरहून सालिम नावाच्या ओमानी गृहस्थाचा फोन आला. त्याचं समुद्रकाठी जुन्या कॅरव्हॅन्सचं विश्रामधाम होतं. पाहुणे त्यात राहायचे.

"ओरिजिनल है ना?" त्यानं हिंदीत विचारलं.

"एकदम ओरिजिनल!"

"पक्का? मेरे को सिर्फ ओरिजिनल चाहिए."

फोन ठेवून मी सगळ्यांना सांगितलं, फक्त ओरिजिनल हवी म्हणतोय. आता आपल्याकडे ओरिजिनलच्या विरुद्ध डुप्लिकेट. घड्याळ, चार्जर, हापूस, सगळ्याला हाच नियम. कॅरव्हॅन विलायती, ती गोऱ्यानं आणलेली, म्हणजे ओरिजिनल. तेव्हा प्रश्न उरला तो ती चांगली दिसण्याचा. शनिवारी बघायला येणार म्हटल्यावर आमच्या इमारतीला जो उत्साह चढला, तो मुलगी दाखवतानाच चढतो. चाचा आदल्या दिवशी, शुक्रवारी, रुवीतल्या जुन्या मित्रांचा निरोप घ्यायला जाणार होते. जाताना एवढंच म्हणाले, "बरं दिसंल ना? तिला बी आवडंल."

आम्ही बरं दिसायला लावलं. इक्बालनं पिस्ता रंगाचे दोन हात मारले. रशीदाभाभी आणि माधवीनं आत फिनेल, लिंबू आणि ब्लीच यांचा असा मारा केला की कडुनिंबावरचे पक्षी उठून गेले. पडदे धुऊन वाळत टाकले आणि त्यांच्या जागी माधवीनं फुलाफुलांचे नवे लावले. कुजक्या जमिनीवर मी स्वतः प्लायवूड ठोकून वर संगमरवरी छापाचं प्लॅस्टिक अंथरलं. दुपारी रिपोर्ट काढून 'वास' या ओळीपुढे मी मोठ्या समाधानानं बरोबरची खूण केली.

उन्हं कलताना चाचा परतले. पिस्ता रंगाकडे बघून त्यांनी मान हलवली, छान म्हणाले. सवयीनं चपला काढल्या, खोक्यावर बसले. दार उघडंच होतं. आम्ही चौघं शाबासकीची वाट बघत उभे.

चाचांनी दारातून आत वास घेतला. मग जरा पुढं झुकून परत घेतला.

"वास गेला," ते म्हणाले.

"मग! सकाळपासून घासतोय," रशीदाभाभी म्हणाल्या, आणि शेवटच्या शब्दाला त्यांचा आवाज आपोआप खाली आला.

माधवी दोरीवरचे पडदे काढायला गेली. तेही स्वच्छ होते.

शनिवारी सालिम आला तो पांढराशुभ्र पायघोळ दिशदाशा घालून, हसत. कॅरव्हॅन दिसल्याबरोबर हसू गेलं. त्यानं एक चक्कर मारली, नखानं रंग खरवडला, आत डोकं घालून संगमरवर बघितला.

"ये किसने किया?"

इक्बालनं माझ्याकडे बघितलं, मी भाभींकडे, भाभींनी आकाशाकडे.

"अरे भाई, ओरिजिनल मतलब जैसा था वैसा! पुराना रंग, पुराना पर्दा. लोग उसी के लिए आते हैं." त्यानं कपाळ पुसलं. "फ्रिज जैसा बना दिया. अब मैं बॉडी निकाल के सिर्फ नीचे का ढांचा लेगा. कराक चाय की गाड़ी बनेगी."

बॉडी कुठं जाणार हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांना माहीत होतं. मी पंचवीस वर्षं लोकांना त्यांच्या नुकसानीचा आकडा तोंडावर सांगत आलो आहे, पण त्या दिवशी मला चाचांकडे बघवेना. भंगारात जाऊ नये, एवढं एकच काम त्यांनी दिलं होतं. कलिंगड तर आम्ही खाऊन टाकलं होतं.

चाचा खोक्यावरून उठून बाजूला उभे राहिले होते. सालिम आत शिरला आणि तिथून म्हणाला, "चाचा, आप आओ ना. वो पंप कैसे चलता है, दिखाओ."

"मैं अंदर नहीं आता."

"क्यों?"

चाचांनी सांगितलं. अर्धं अरबीत, अर्धं हिंदीत. सासुरवाडी या शब्दाला सालिम हसला. "अभी तक बुलाया नहीं," यावर त्याचं हसणं थांबलं. मग तो खाली उतरला, आपल्या गाडीतून काहव्याचा थर्मास आणि खजुराचा डबा घेऊन आला, परत आत गेला आणि सगळं त्या हातभर ओट्यावर मांडलं. दारात येऊन त्यानं उजवा हात छातीवर ठेवला.

"तफद्दल," तो म्हणाला.

तफद्दल म्हणजे या, आत या, बसा. हा शब्द इथं दिवसभर कानावर पडतो, लिफ्टच्या दारातसुद्धा म्हणतात. मी त्याची कधी काही किंमत धरली नव्हती.

चाचांनी टोपी नीट केली, सदऱ्याचं वरचं बटण लावलं, चपला काढल्या आणि मान वाकवून आत गेले. बाकाच्या कडेला बसले, पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, नवा जावई बसतो तसे. सालिमनं छोट्या फिंजानमध्ये काहवा ओतला. चाचांनी दीर्घ श्वास घेतला. तो आम्हाला बाहेर ऐकू आला, आणि त्यानंतरचा खोकलाही. इक्बाल मान खाली घालून आपल्या हाताला लागलेला पिस्ता रंग काढत बसला.

"रंग निकल जाएगा, चाचा," सालिम म्हणाला. "नीचे पुराना होगा. मैं निकालेगा, आराम से. पर्दा भी वो धुला हुआ दे दो, वही लगाएगा. पूरा ले जाऊंगा."

"हां," चाचा म्हणाले. "रंग निकल जाएगा."

इथं रिकामं फिंजान हलवलं नाही, तर यजमान ओततच राहतो. चाचा हलवत नव्हते. सालिम ओतत होता. शेवटी चाचांनी फिंजान हळूच डावीउजवीकडे हलवलं आणि म्हणाले,

"खलास."

मस्कतमध्ये आलो त्या पहिल्या महिन्यात गॅरेजवाल्यानं माझ्या गाडीकडे बघून खलास म्हटलं होतं आणि मी तिथल्याच एका टायरवर मटकन बसलो होतो. गाडी तयार झाली होती. अरबीतलं खलास म्हणजे झालं, ठरलं. आपलं खलास म्हणजे संपलं. इतकी वर्षं मला दोन्हींतला फरक लगेच कळत असे. चाचांच्या तोंडून निघालं ते कुठलं, हे कळेना.

सामान म्हणून न्यायला रिपोर्ट लागणार होता. मी नवा लिहिला. मजला, छप्पर, टायर, सगळं होतं तसंच. फक्त 'दोष' या सदरातून एक ओळ काढली आणि 'गहाळ वस्तू' या सदरात घातली. सालिमनं वाचून सही केली.

ट्रक आला तेव्हा चाचा फाटकापर्यंत तिच्या बरोबरीनं चालत गेले. एक हात त्या पिस्ता पाठीवर. सूरला गेली. खोका मात्र इथंच राहिला. ट्रकवाल्याला वाटलं, कचरा आहे.

दुसऱ्या दिवशी चाचांचं विमान होतं. दुपारी जेवायला आमच्याकडे. माधवी सकाळपासून कुणाशी बोलली नव्हती, माझ्याशी तर नाहीच. अकराच्या सुमाराला तिनं स्वयंपाकघराची अंगणाकडची खिडकी सताड उघडली, तवा ठेवला आणि त्यावर सुकट टाकली. आमच्या मालकीणबाईंना हा वास अजिबात चालत नाही. भाडेकरारात तसं कलम आहे.

"खिडकी..." मी म्हणालो.

"राहू दे उघडी. जा, चाचांना बोलवा."

मी खाली गेलो. कडुनिंबाखाली दोन टायरांचे वण होते, वाळलेला पाला होता आणि मोकळ्या जागेकडे तोंड करून खोक्यावर चाचा बसले होते. चपला शेजारी काढून ठेवलेल्या. मी जिन्याच्या तोंडाशी थांबलो. वरून तव्यावरचा वास हळूहळू अंगणात उतरत होता.

चाचांनी मान वर केली. टोपी सरळ केली. सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि गुडघ्यांवर हात देऊन उठले.

"आलो," ते म्हणाले.

मी अजून हाक मारली नव्हती.